ऐपतीचा प्रश्न

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घाटकोपर आणि मुलुंडच्या व्यापारी पेढ्यांवर अजूनही नव्या वह्यांची पूजा होते. हिशेब संगणकात गेले, तरी लाल कापडी बांधणीची एखादी वही देवापुढे ठेवली जाते. जुने येणे-देणे मिटवून नव्या वर्षात पाऊल टाकायचे, हा त्यामागचा भाव. याच सणाच्या नावाला लागून मराठीत एक अप्रिय शब्द आहे : दिवाळे. ज्या व्यापाऱ्याला देणी भागवता येईनात त्याने भर दिवसा दुकानात दिवा लावायचा, असा एक जुना रिवाज सांगतात. दिवा दिसला की लोकांनी समजायचे, याच्याकडे आता काही उरलेले नाही. शब्दाची ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीला उतरो वा न उतरो, तिच्यात व्यवहारी शहाणपण आहे. देणे न देणे आणि देणे न देता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण दुसऱ्या गटात आहोत हे चारचौघांत सांगण्याची एक रीत बाजाराने ठेवली होती.

कर्जासाठी किंवा दंडासाठी माणसाला कोंडावे का, या प्रश्नाचा आपल्याकडचा दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर तो बराचसा याच फरकाभोवती फिरतो. कायद्याला तो उशिरा कळला, तुकड्यातुकड्याने कळला, आणि काही ठिकाणी अजून कळायचा आहे.

विषय जुन्या दप्तरांपुरता नाही. २०१६ च्या मार्च महिन्यात पश्चिम रेल्वेच्या महालक्ष्मी स्थानकावर एका महिलेला विनातिकीट पकडण्यात आले. २६० रुपये भरायला तिने नकार दिला. बँकांची हजारो कोटींची कर्जे थकलेली असताना विजय मल्ल्या नुकतेच देश सोडून गेले होते. आधी त्यांच्याकडून वसूल करा, असे तिचे म्हणणे. अखेर तिने सात दिवसांचा तुरुंग पत्करला. बातमी चार दिवस चघळली गेली आणि विसरली गेली. तिचा राग सगळ्यांना कळला, पण एक गोष्ट निसटली. तिने नकार दिला तो तत्त्वाचा प्रश्न म्हणून. ज्याच्या खिशात खरोखरच २६० रुपये नसतात त्याचीही रवानगी त्याच वाटेने होऊ शकते, आणि त्याची बातमी होत नाही.

इंग्रजी अमलापूर्वी आपल्याकडे कर्जवसुलीचे मुख्य हत्यार तुरुंग नव्हता, तगादा होता. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाबद्दल माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये अहवाल लिहिला, त्यात तगाद्याच्या पायऱ्या तपशिलाने दिल्या आहेत. कूळ बरोबरीचे किंवा खालचे असेल तर सावकार त्याला घरात अडकवून ठेवी, जेवू देत नसे, उन्हात बसवी. कूळ वरचढ असेल तर सावकारच त्याच्या उंबऱ्यावर आडवा पडे, दाराशी ओरडा करी, उपाशीपोटी धरणे धरून बसे. आणि दारात माणूस उपाशी असताना घरधन्यालाही जेवता येत नसे. खुद्द पहिला बाजीराव कर्जात बुडालेला होता. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींनी त्याला दिलेली कर्जे आणि त्यांचे तगादे इतिहासाच्या वाचकांना ठाऊक आहेत.

ही पद्धत मायाळू मुळीच नव्हती. तरी तिला काही मर्यादा होत्या. तगादा लावणाऱ्याला स्वतः बसावे लागे किंवा पदरमोड करून माणसे बसवावी लागत. सगळा प्रकार गावादेखत चाले, त्यामुळे कुळाच्या घरात काही आहे की नाही हे गावाला माहीत असे. आणि व्याजाला दामदुपटीचा बांध होता : साचलेले व्याज मुद्दलापेक्षा जास्त मागता येत नसे.

इंग्रजांनी धरणे धरण्याला गुन्हा ठरवले. १८६० च्या भारतीय दंड संहितेत दैवी कोपाचा धाक घालण्याबद्दलचे एक कलम होते, त्याखाली पहिले उदाहरण धरण्याचेच होते. धरण्याच्या जागी आले हुकूमनामा, दरखास्त, बेलिफ आणि दिवाणी तुरुंग. १८५९ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे ऋणकोला दोन वर्षांपर्यंत कोंडता येई. रक्कम पन्नास रुपयांच्या आतली असली, तरी तीन महिन्यांपर्यंत.

मुंबई शहरातल्या व्यापाऱ्याला मात्र सुटकेची एक वाट होती. १८२८ पासून कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन शहरांत नादार ऋणकोंसाठी वेगळे न्यायालय होते. आपली मालमत्ता जाहीर करून धनकोंच्या हवाली केली की तुरुंगातून सुटका मागता येई. १८६५ मध्ये अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, शेअरांचा फुगा फुटला, तेव्हा मुंबईतल्या कितीतरी नामांकित पेढ्यांनी नादारीचाच आधार घेतला. परंतु शहराची हद्द माहीम आणि शीवच्या खाडीशी संपत होती. पलीकडची साष्टी, म्हणजे आजची अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही उपनगरे, तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती आणि तिथे मोफसलचे कायदे चालत. मोफसलासाठी नादारीचा स्वतंत्र कायदा यायला १९०७ उजाडले. तोवर दिवाणी संहितेतल्या काही कलमांचा तेवढा आधार. म्हणजे पाच-दहा मैलांच्या अंतरावर दोन कर्जबाजारी माणसे, आणि मधल्या खाडीमुळे दोघांची नशिबे वेगळी.

नादारी हा शब्द जुन्या पिढीला शाळेतून ठाऊक आहे. गरीब मुलाची फी माफ होई, तिला नादारी म्हणत. हेडमास्तरांनी अर्ज पाहायचा, घरची परिस्थिती विचारायची आणि सही करायची. न्यायालयातली नादारीही मुळात याच जातीची : या माणसाची ऐपत नाही, हे कोणीतरी अधिकाराने पाहून मान्य करणे. दख्खनच्या शेतकऱ्यासाठी हे पाहणारे कोणी नव्हते, आणि त्याचा परिणाम १८७५ मध्ये दिसला.

त्या वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी जमाव सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेला. दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरला. लोकांना हवे होते ते मुख्यतः कागद : कर्जरोखे, खाती, हुकूमनामे. ते हाती लागले की त्यांची होळी होई. सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याच्या अहवालातून जे चित्र उभे राहिले त्यात तुरुंगाचा उपयोग वसुलीपेक्षा धमकीसाठी अधिक दिसतो. अटकेचे वॉरंट काढायचे, कुळाला बेलिफ दाखवायचा आणि वाढीव रकमेच्या नव्या रोख्यावर अंगठा घ्यायचा. तुरुंगात बसलेला शेतकरी सावकाराच्या काही कामाचा नव्हता. तुरुंगाला भ्यालेला शेतकरी मात्र होता.

१८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, आणि पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो प्रथम लागू झाला. न्यायाधीशाने रोख्यावरचा आकडा प्रमाण न मानता मूळ व्यवहार तपासावा, ही त्यातली तरतूद गाजली. आपल्या विषयाचे कलम त्याहून छोटे आहे : पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला अटक करायची नाही आणि कैदेतही टाकायचे नाही. उच्च न्यायालयात जाण्यापूर्वी महादेव गोविंद रानडे यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. तुरुंगाची भीती गेली तर शेतकऱ्याला कोणी उसने देणार नाही, त्याची पत आखडेल, असा आक्षेप तेव्हा जोरात होता. सावकारी काही थांबली नाही. पुढे अनेक दशके तिला आवर घालायला नवेनवे कायदे करावे लागले, यावरूनच ते दिसते.

या कायद्याने शेतकरी कोण हे विचारले, ऐपत किती हे विचारले नाही. १८८८ च्या एका दुरुस्तीने पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रियांना अटक करणे बंद केले. तिथेही वर्ग ठरवला. त्याच दुरुस्तीने, गरिबीमुळे देणे शक्य नसेल तर अटक नाकारण्याची मुभा न्यायाधीशाला दिली. मुभाच, बंधन नव्हे. त्यामुळे विचित्र परिस्थिती तयार झाली. साताऱ्याच्या एका घरातले दोन भाऊ घ्या. एक शेतावर राहिला, दुसरा मुंबईला गिरणीत लागला. दोघांवर सारखेच कर्ज. शेतावरच्याला सावकार तुरुंगात पाठवू शकत नव्हता, गिरणीतल्याला पाठवू शकत होता. बेलिफाच्या आधी गिरणीच्या फाटकावर पगाराच्या दिवशी काठी घेऊन पठाण उभा असेच. 'पठाणी व्याज' हा वाक्प्रचार आपल्या भाषेत आला तो त्याच अनुभवातून.

गिरणीतल्या भावाची दखल घ्यायला आणखी पन्नास वर्षे लागली. १९२९ मध्ये नेमलेल्या आणि जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही कामगार आयोगात मुंबईच्या कामगार चळवळीतले ना. म. जोशी सदस्य होते. १९३१ च्या अहवालात आयोगाने अंदाज मांडला की बहुतेक औद्योगिक केंद्रांत दोन तृतीयांशांहून कमी नाहीत इतकी कुटुंबे कर्जात आहेत, आणि बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या मजुरीहून जास्त आहे. वसुलीसाठी कारखान्याच्या फाटकावर ठाण मांडणे हा गुन्हा करावा आणि कमी पगाराच्या कामगाराला, तो ऐपत असून देत नसेल तरच, कर्जापोटी तुरुंगात टाकावे, अशा शिफारशी आयोगाने केल्या. १९३६ मध्ये दिवाणी संहितेच्या कलम ५१ ला परंतुक जोडले गेले आणि हा विचार सगळ्यांनाच लागू झाला. ऋणकोजवळ पैसे असूनही तो देत नाही, किंवा त्याने लबाडीने मालमत्ता दडवली आहे, किंवा तो पळून जाण्याच्या बेतात आहे, असे काही ठरल्याशिवाय आणि त्याची कारणे लेखी नोंदवल्याशिवाय कैदेचा हुकूम देता येणार नाही. कोण आहेस, हा प्रश्न मागे पडला. जवळ काय आहे, हा पुढे आला.

दिवाणी तुरुंग आजही कायद्यात आहे, आणि त्याची कलमे वाचण्यासारखी आहेत. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटकेसाठी घरात शिरता येत नाही. दोन हजार रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी कैद नाही. पाच हजारांच्या वर असेल तर जास्तीत जास्त तीन महिने. कैद्याचा निर्वाह भत्ता धनकोने भरायचा. त्याने तो थांबवला की कैदी सुटतो. आणि कैद भोगून झाली तरी कर्ज फिटत नाही. तगादा लावणाऱ्याला झळ बसली पाहिजे, हा जुना हिशेब इथे नकळत टिकून राहिला आहे. दिवाणी कैद ही शिक्षा नव्हे, तो दाब आहे. ज्याच्याजवळ काही आहे त्याच्यावरच दाबाचा उपयोग. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

१९८० च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ही गोष्ट पक्की केली. कोचीन बँकेच्या एका थकबाकीदाराच्या प्रकरणात न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्णा अय्यर यांनी, करार पाळता आला नाही एवढ्याच कारणाने कोणाला कैद करू नये असे सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेतला. भारत त्या करारात वर्षभरापूर्वीच सामील झाला होता. नुसते न देणे पुरेसे नाही. वाईट हेतू दिसला पाहिजे. गरिबीसाठी तुरुंग हा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमाशी विसंगत आहे, असा त्या निकालाचा आशय.

इथे इतिहास सुखान्त झाला असे वाटेल. पण पुढच्याच दशकात दोन कायदे आले, आणि उपनगरातल्या न्यायालयांचा आजचा दिवस बराचसा त्यांनी व्यापला आहे. योगायोग असा की दोन्हींतल्या कलमाचा क्रमांक १३८.

पहिले १३८ न वटलेल्या धनादेशाचे. परक्राम्य संलेख अधिनियमात ते १ एप्रिल १९८९ पासून लागू झाले. आज त्यात दोन वर्षांपर्यंत कैद, धनादेशाच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नोंदवले की २०१९ अखेर देशात प्रलंबित असलेल्या २.३१ कोटी फौजदारी खटल्यांपैकी ३५.१६ लाख या एका कलमाखालचे होते. अंधेरीचे न्यायालय या खटल्यांसाठी चांगलेच परिचयाचे. २०२५ च्या जानेवारीत तिथे एका प्रसिद्ध चित्रपट दिग्दर्शकाला तीन महिन्यांची कैद आणि ३.७२ लाख रुपयांची भरपाई सुनावली गेली, आणि भरपाई न दिल्यास आणखी तीन महिने. न्यायमूर्ती रोहिंग्टन नरिमन यांनी या कारवाईला फौजदारी लांडग्याच्या वेषातली दिवाणी मेंढी म्हटले होते. वेष असला तरी दात खरे आहेत.

दुसरे १३८ रेल्वे अधिनियम, १९८९ मधले. विनातिकीट प्रवाशाने भाडे आणि त्याशिवाय किमान २५० रुपये जादा आकार भरायचा; महालक्ष्मीचे २६० असे झाले. भरले नाहीत तर प्रकरण दंडाधिकाऱ्यापुढे जाते, आणि वसुली न झाल्यास कैदेचा हुकूम होऊ शकतो. लबाडीने फुकट प्रवास केल्याचे कलम वेगळे, १३७. प्रवाशांच्या भाषेत हे सगळे 'पावती फाडणे'. ज्याला पावती फाडता येते तो पुढची लोकल पकडतो.

दिवाणी कैद आणि दंडाऐवजीची कैद यांत एक मूलभूत फरक आहे. दिवाणी कैदेने कर्ज फिटत नाही. दंडाऐवजीची कैद पूर्ण भोगली की दंड सहसा पुन्हा वसूल केला जात नाही, आणि अर्धा दंड भरला तर कैदही त्या प्रमाणात कमी होते. इथे तुरुंगातला दिवस हेच चलन आहे. एकजण रुपयांत देतो, दुसरा दिवसांत. रोजंदारीवरच्या माणसाचे तर दोन्ही जाते : दिवस जातो आणि त्या दिवसाची मजुरीही जाते. नुसत्या दंडाच्या गुन्ह्यात, दंड न भरल्यास १८६० च्या संहितेप्रमाणे सहा महिन्यांहून जास्त कैद होऊ शकत नव्हती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत दहा हजारांवरच्या दंडासाठी ती मर्यादा एक वर्ष आहे.

दुसरी बाजू खोटी नाही. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतला छोटा कारखानदार माल देऊन बसतो आणि हाती आलेला धनादेश परत येतो, तेव्हा त्याचीही देणी असतात. नवऱ्याने पोटगी थकवलेल्या बाईला, अटकेच्या वॉरंटाशिवाय तो पैसे काढत नाही हे अनुभवाने माहीत असते. सगळेच फुकट जाऊ लागले तर लोकल चालणार नाही. भीती हा वसुलीचा भाग आहे, आणि ती सरसकट काढून टाकली तर बऱ्याचदा मार खातो तो दुबळा धनकोच. मात्र ही सगळी उदाहरणे ऐपत असून न देणाऱ्याची आहेत. १९३६ च्या परंतुकाने त्याला तुरुंगातून वगळलेले नाही. ऐपत विचारल्याने तो सुटत नाही, उलट नेमका तोच सापडतो.

मग हाच प्रश्न दंडाच्या बाबतीत का विचारला जात नाही? दंड भरायला मुदत किंवा हप्ते देण्याची सोय कायद्यात आहे. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, एक लाखाचा दंड न भरू शकलेल्या कैद्याची तीन वर्षांची जादा कैद सहा महिन्यांवर आणताना, दंड ठरवताना आरोपीची आर्थिक स्थिती पाहावी असे म्हटले. ही पुन्हा १८८८ सारखी मुभा झाली. बंधन नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच ठरवले होते की दंड भरला नाही म्हणून माणसाला आत पाठवण्यापूर्वी त्याला तो भरता येत होता का, याची चौकशी केलीच पाहिजे. फिनलंडने १९२१ पासून दंड रुपया-आण्यांत न ठरवता माणसाच्या दिवसाच्या मिळकतीच्या मापाने ठरवायला सुरुवात केली, म्हणजे हा प्रश्न शेवटी येण्याऐवजी सुरुवातीलाच येतो.

आपण मधलाच मार्ग काढला आहे. २०२३ पासून केंद्र सरकारची गरीब कैद्यांना साहाय्याची योजना आहे. २०२३ च्या मूळ नियमांप्रमाणे दंड न भरता आल्याने अडकलेल्या शिक्षा झालेल्या कैद्यासाठी २५ हजार रुपयांपर्यंत, जामिनाची रक्कम नसलेल्या कच्च्या कैद्यासाठी ४० हजारांपर्यंत मदत मिळू शकत होती. योजना चांगली आहे. पण तिचा अर्थही पाहायला हवा. सरकारने दंड केला, तो भरता आला नाही म्हणून सरकारने आत ठेवले, आणि मग त्याची ऐपत नव्हती असे एका समितीने ठरवल्यावर सरकारनेच तो दंड सरकारजमा केला. ऐपतीची चौकशी झालीच, फक्त माणूस आत गेल्यानंतर झाली.

सुप्याच्या शेतकऱ्यापासून गिरणी कामगारापर्यंत कायद्याने जे शिकायला साठ वर्षे घेतली, ते दंडाच्या हुकमात उतरवायला फार मोठी सुधारणा लागत नाही. कलम ५१ च्या परंतुकातली एक अट पुरे : याच्याजवळ पैसे आहेत आणि तरी तो देत नाही, असे मला या कारणांवरून वाटते, एवढे दंडाधिकाऱ्याने कैदेच्या हुकमाआधी लिहिले पाहिजे. गर्दीच्या दिवशी शेकडो प्रकरणे समोर असताना हे लिहायला वेळ लागेल, हा आक्षेप खरा आहे. शाळेतल्या हेडमास्तरांनाही नादारीचे अर्ज वाचायला वेळ लागत असे.